दुखण्याची पुडी आणि अंगावरचे चट्टे : आधी गोळीचं नाव विचारा!



आज थोडं रागाने लिहितोय. राग तुमच्यावर आहे, औषध देणाऱ्यांवर आहे आणि आम्हा डॉक्टरांवरही आहे.

आंबिया बहाराचा तोडा चालू होता. नरखेड तालुक्यात त्या दिवसांत कुणालाच फुरसत नसते. संत्री तोडणारे, क्रेट उचलणारे, गाडी भरणारे सगळे दिवसभर वाकलेले. अशाच एका मजुराला घेऊन त्याचा भाऊ आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याच्या खालच्या ओठावर एक काळपट-जांभळा चट्टा, दोन्ही हातांवर रुपयाएवढे गोल चट्टे आणि लघवीच्या जागी एक जखम. ही त्याची तिसरी वेळ होती.

पहिल्या वेळी फक्त ओठावर आला, तेव्हा घरचे म्हणाले, "उष्णता आहे, ताक पी." दुसऱ्या वेळी हातावर आला, तेव्हा शेजारी म्हणाले, "कोळी मुतला असंन." तिसऱ्या वेळी नको त्या जागी आला आणि गावात कुजबुज सुरू झाली. बायको पोरांना घेऊन माहेरी निघून गेली.

मी विचारलं, "हे चट्टे येण्याच्या आधी कोणती गोळी घेतली होती?"

"कमरेसाठी घेतली होती जी. तिन्ही वेळा."

"कोणती?"

"मले काय मालूम? पुडीत देली होती. एक पांढरी, एक पिवळी, एक बारकी."

"पुडीचा कागद आहे?"

"थो तं फेकला."

त्याला गुप्तरोग नव्हता, उष्णता नव्हती आणि कोळ्याचाही काही दोष नव्हता. त्याला औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती. पण कोणत्या औषधाची, ते त्याला माहीत नव्हतं. आजचा लेख या न सांगितलेल्या नावाबद्दल आहे.

"गरम पडली" म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गोळी घेतल्यावर अंगावर काही उठलं की "गोळी गरम पडली" म्हणतात आणि विषय संपतो. पण दुखण्याच्या गोळ्यांनी त्वचेवर होणारे त्रास एकाच प्रकारचे नसतात. काही किरकोळ असतात, काही जीव घेणारे असतात. मुख्य प्रकार सांगतो.

पहिला प्रकार, अंगावर पित्त किंवा गांधी उठणे. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत लाल, खाजणाऱ्या गांधी येतात. कधी ओठ आणि पापण्या सुजतात. हे बहुतेक वेळा ओसरतं. पण जीभ किंवा घसा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली, तर मग घरी थांबायचं नाही.

दुसरा प्रकार आमच्या या मजुराचा. त्याला आम्ही 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतो, म्हणजे ठरलेल्या जागी येणारा चट्टा. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की चट्टा पुन्हा त्याच जागी उठतो, अगदी पत्ता लिहून ठेवल्यासारखा. आवडत्या जागा म्हणजे ओठ, हातपाय आणि जननेंद्रिय. लाली गेली तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो. प्रत्येक वेळी चट्टे वाढू शकतात आणि कधीकधी पुढे अंगभर फोडही येतात.

तिसरा प्रकार उन्हाचा. पिरॉक्सिकॅमसारखी गोळी किंवा किटोप्रोफेनचं जेल वापरून तुम्ही उन्हात राबलात, तर उघड्या कातडीवर जळल्यासारखे चट्टे येऊ शकतात. किटोप्रोफेनचं जेल लावणं थांबवल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात ओलीत करणाऱ्या माणसाला हे कुणी सांगतं का?

चौथा प्रकार क्वचित होतो, पण सगळ्यात वाईट. 'स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम' आणि त्याचंच उग्र रूप 'टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस' यांत भाजल्यासारखी कातडी सुटते. तोंड, डोळे आणि लघवीची जागा सोलून निघते. औषध सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत हे होतं. उग्र रूपात जवळपास तिघांतला एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींची नजर कायमची अधू होते.

याशिवाय 'ड्रेस सिंड्रोम' आहे. यात औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, चेहरा सुजतो, गाठी येतात आणि यकृत किंवा मूत्रपिंडावरही परिणाम होतो. एवढ्या दिवसांनी आलेल्या तापाचा संबंध मागे घेतलेल्या गोळीशी असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर हा लेख वाचून तुम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकाल. दुखण्याची औषधं कामाची आहेत. लाखो लोक ती घेतात आणि बहुतेकांना अंगावर काहीच उठत नाही. कातडी सुटण्याचा आजार वर्षभरात दहा लाख लोकांमागे मोजक्यांनाच होतो. त्यामुळे माझं भांडण औषधाशी नाही. ते नाव न सांगता दिलेल्या औषधाशी आहे.

नाव कशाला हवं? तीन कारणं

एक. रिअ‍ॅक्शन आली की पहिला उपचार म्हणजे ते औषध बंद करणं. तुम्ही रोज चार गोळ्या घेताय आणि एकीचंही नाव माहीत नाही, तर मी नेमकं काय बंद करू? वर पुष्कळदा अशा पुडीत स्टेरॉइडची बारीक गोळीही असते. तिने दुखणं लवकर थांबतं, म्हणून देणाऱ्याचं नाव होतं. आणि अंगावर उठणारी लाली ती काही दिवस दाबूनही ठेवू शकते.

दोन. पुन्हा तेच औषध पोटात जाऊ नये म्हणून नाव हवं. दुकानातली नावं वेगळी असली तरी आतलं औषध तेच असू शकतं. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. मेफ्टाल म्हणजे मेफेनॅमिक अ‍ॅसिड. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. क्रोसिन आणि डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. याच औषधांच्या आणखी कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. "मला ती लाल पाकिटातली चालत नाही" असं सांगून काही उपयोग नाही. उद्या तेच औषध हिरव्या पाकिटात येईल.

शिवाय ज्यांना दुखण्याच्या गोळीने गांधी उठतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एकाच नव्हे, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा सगळ्याच गोळ्यांनी त्रास होतो, कारण या गोळ्या शरीरात एकाच वाटेने काम करतात. उलट ठरलेल्या जागी चट्टा येणाऱ्याला सहसा एकच औषध किंवा त्याचं जवळचं भावंड चालत नाही, बाकीची चालू शकतात. कुणाला काय चालेल हे सांगायला आधी नाव लागतं.

तीन. नाव नसेल तर निर्दोष औषधंही कायमची बंद होतात. पुडीत दुखण्याची गोळी, तापाची गोळी आणि अँटिबायोटिक असेल, तर संशय तिघांवरही. कारण अँटिबायोटिकनेही असे चट्टे येतात. मग मला तिन्ही बंद करावी लागतात. उद्या त्या माणसाला न्यूमोनिया झाला किंवा पाय मोडला, तर डॉक्टरच्या हातातली अर्धी औषधं आधीच गेलेली असतात. दहा-वीस रुपयांच्या पुडीची ही खरी किंमत.

सुईचा आग्रहही सोडा

"गोळीनं नाही होत, सुई मारा." हे वाक्य मी रोज ऐकतो. दुखण्याच्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅक असतं. या सुईने गोळीसारखी रिअ‍ॅक्शन येऊ शकतेच, शिवाय तिची एक स्वतःची रिअ‍ॅक्शन आहे. क्वचित सुई टोचताच त्या जागी असह्य कळ येते, कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळी-जांभळी होते आणि काही दिवसांत तेवढा भाग काळा पडून सडतो. याला 'निकोलाऊ सिंड्रोम' म्हणतात. बरं व्हायला आठवडे-महिने लागतात, खोल व्रण राहतो.

ज्याला गोळी गिळता येते आणि उलट्या होत नाहीत, त्याला साध्या कमरदुखीला सुईची गरज क्वचितच असते. तरीही सुई मागणारे मागतात आणि देणारे देतात, कारण सुई दिली की "डॉक्टरनं काहीतरी केलं" असं वाटतं. यात आमच्या धंद्याचाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

नाव लिहिलं की काय होतं, बघा

वाल्डेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची एक गोळी होती. तिने कातडीच्या गंभीर रिअ‍ॅक्शन येतात अशा नोंदी जमत गेल्या, हृदयाच्या धोक्याचाही प्रश्न होता. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ती काढून घेतली गेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातही तिच्यावर बंदी आली.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॅरासिटामॉलबद्दलही इशारा दिला, की अगदी क्वचित का होईना, यानेही कातडीची गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. जे औषध आपण सगळ्यात निर्धोक समजतो, त्याबद्दलसुद्धा!

आता आपल्या देशातली गोष्ट. पाळीच्या दुखण्यासाठी आणि लेकरांच्या तापासाठी सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड तुम्हाला माहीत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादच्या 'इंडियन फार्माकोपिया कमिशन' या सरकारी संस्थेने या औषधाबद्दल सूचना काढली. या औषधाने ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, यावर डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. ती बंदी नव्हती, सावध राहण्याची सूचना होती. देशभरातून आलेल्या औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासून ती काढली गेली.

नीट विचार करा. ही सूचना निघू शकली, कारण कुठेतरी कुणीतरी कागदावर लिहिलं होतं की या रुग्णाने हे औषध घेतलं आणि त्याला हे झालं. "एक पांढरी, एक पिवळी, एक बारकी" अशी नोंद करता येत नाही. आपल्या तालुक्यात पुडीने किती जणांच्या अंगावर काय उठलं, हे कोणत्याही सरकारी कागदावर कधी येणार नाही. तुमचा त्रास मोजलाच जात नाही, आणि म्हणून "आमच्या पुडीनं आजवर कुणाला काही झालं नाही" असं छातीठोकपणे सांगता येतं.

"पण डॉक्टर…"

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. "दवाखान्यात गेलो तर दिवसाची मजुरी बुडते. नागपूर ऐंशी किलोमीटरच्या वर. गावातला माणूस उधारीवर पुडी देतो, रात्री दार वाजवलं तरी उठतो." हे सगळं खरं आहे आणि मी त्याची टिंगल करणार नाही. दुखणं घेऊन कामावर जाणं ही कुणाची हौस नसते. पण नाव सांगायला पैसे पडत नाहीत. पुडीवर पेनने दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? जो रात्री दार उघडतो, त्याला म्हणा, "भाऊ, उपकार झाले. आता एवढं नाव लिहून दे." आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राची आठवण फक्त लसीच्या वेळीच होऊ देऊ नका.

औषध दुकानदार म्हणतात, "लोक दोनच गोळ्या मागतात, पट्टी कापावीच लागते." कापा. पण नाव आणि मुदतीची तारीख शाबूत राहील अशी कापा किंवा पाकिटावर लिहून द्या. आणि हेही आठवू द्या, की डायक्लोफिनॅक आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं कायद्याच्या 'शेड्यूल एच'मध्ये आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. पाकिटाच्या डाव्या कडेची लाल पट्टी शोभेसाठी छापलेली नाही.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, "नाव सांगितलं तर पेशंट पुढच्या वेळी येतच नाही, स्वतःच गोळी घेतो." मित्रांनो, तो आजही स्वतःच घेतोय, फक्त आंधळेपणाने. औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावं, हा आपल्याच व्यवसायाच्या नियमावलीतला नियम आहे. आपलं दुकान रुग्णाच्या अज्ञानावर चालत असेल, तर ते दुकानच म्हणायचं, दवाखाना नाही. आणि रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णाला फक्त "ती गोळी घेऊ नका" एवढं तोंडी सांगून पाठवणारे आपल्यात किती आहेत? मीही पूर्वी तेच करत होतो. आता लिहून देतो.

शेवटचं म्हणणं "आम्ही गोळी घेतच नाही, जडीबुटी घेतो" असं. सांधेदुखीवर झटपट गुण देणाऱ्या काही चूर्णांत दुखण्याची ॲलोपॅथी औषधं आणि स्टेरॉइड मिसळलेली सापडल्याची उदाहरणं आहेत. वीस वर्षांची कंबर चूर्णाच्या एका चिमटीने तासाभरात मोकळी झाली, तर आनंद मानण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ती पण बिननावाची पुडीच.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

दुखण्याची किंवा दुसरी कोणतीही गोळी चालू असताना किंवा गेल्या दोन महिन्यांत घेतली असताना—

• अंगावर पुरळ आणि सोबत ताप
• तोंडात किंवा ओठांवर फोड, गिळताना आग
• डोळे लाल, चिकट, उजेड सहन न होणं
• कातडी खाजण्याऐवजी दुखणं, फोड येणं, हात लावताच साल निघणं
• चेहरा सुजणं, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे होणं
• जीभ किंवा घसा सुजणं, दम लागणं

यातलं काहीही झालं तर नवं औषध थांबवा, मात्र बीपी, साखर, फिट यांची रोजची औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. लगेच दवाखाना गाठा. श्वास अडकत असेल तर १०८ ला फोन करा. पाला लावणं, राख लावणं, उतारा टाकणं यात एक दिवसही घालवू नका. कातडी सुटू लागलेल्या रुग्णाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयातच न्यावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न तोच असतो, "कोणतं औषध घेतलं होतं?"

तापात उठलेलं प्रत्येक पुरळ औषधाचंच असतं असंही नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर यांतही अंगावर उठतं. फरक ओळखायला गोळी कोणती आणि कोणत्या दिवशी घेतली, हेच लागतं.

आजपासून एवढं करा

• नाव न सांगता दिलेली गोळी घेऊ नका, मग देणारा कितीही जवळचा असो, आणि तो मी असलो तरी.
• पट्टी किंवा पाकीट लगेच फेकू नका. गोळी संपल्यावरही दोन महिने ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढलात तर आणखी चांगलं.
• चट्टा आला की त्याचाही फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत तो ओसरू शकतो.
• एकदा रिअ‍ॅक्शन आली असेल तर "पुन्हा घेऊन पाहू" हा प्रयोग घरी कधीही करू नका.
• एका कागदावर लिहा : "मला या औषधाने, या तारखेला, असा त्रास झाला." तो कागद आधार कार्डासोबत ठेवा. प्रत्येक डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलाही, आधी तो दाखवा.
• त्रासाची नोंद स्वतः करा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : १८००-१८०-३०२४. कामाच्या दिवशी दिवसा लावा. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

आता त्या मजुराचं सांगतो. त्याच्या बायकोला बोलावलं, दोघांना समोर बसवलं, हा रोग नाही, औषधाचा चट्टा आहे, हे समजावलं. ती घरी परतली. चट्टे ओसरले, काळे डाग अजून आहेत. भावाला पुडी देणाऱ्याकडे पाठवलं, तर तो म्हणाला, "रोज इतक्या पुड्या बांधतो, कोणती ते आता कसं सांगू?"

मी त्याला कार्ड करून दिलं. त्यावर तारीख आहे, चट्टे कुठे आले ते लिहिलं आहे, तिन्ही वेळांची नोंद आहे. औषधाच्या नावापुढची जागा मात्र रिकामी आहे. ती जागा भरायला आता त्याला नागपूरला जाऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली तपासण्या करून घ्याव्या लागतील, आणि हंगामात त्याला तेवढी सवड नाही. तोवर कंबर दुखली की तो तशीच सोसतो.

तुमच्या खिशात आत्ता पुडी असेल, तर ती उघडा आणि प्रत्येक गोळीचं नाव सांगून बघा. सांगता येत नसेल, तर ज्याने दिली त्याच्याकडे आजच जा आणि विचारा.